काठोकाठ भरलेली कोठी

ज्या वर्षी आत्या सासरचे घर सोडून कायमच्या भावाकडे राहायला आल्या, त्या वर्षी माझा जन्म झाला. साल कोणी लिहून ठेवलेले नाही. पण आत्यांच्या भाच्याचे पुढचे दात त्याच वर्षी पडले होते आणि तो त्यांना 'आथ्या' म्हणायचा, एवढे घरात सगळ्यांना आठवते.

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे. मला बनवले ते आत्यांच्या याच थोरल्या भावाने, भाच्याच्या बापाने. तो पत्र्याचे काम करायचा. बादल्या, नरसाळी, पन्हळी, धुराडी, जे सांगाल ते. माझ्यासाठी मात्र त्याने नवा पत्रा आणला नाही. तेलाचे रिकामे डबे उभे चिरले, ठोकून सपाट केले आणि एकाला एक जोडून माझे अंग तयार केले. डब्यांची छापील बाजू आत गेली. त्यामुळे तेलाच्या छापातला अर्धा कोंबडा अजूनही माझ्या पोटात आहे. बाहेरून मी साधी करडी दिसते. आतला कोंबडा फक्त धान्याला दिसतो.

माझे सांधे कथील वितळवून झाळले जात होते तेव्हा आत्या उंबरठ्यावर बसून बघत होत्या. सासरी त्यांनी एक वाईट वर्ष पाहिले होते. घरातले सगळे तापाने पडलेले, बाजारापर्यंत जायला कोणी नाही, आणि डब्यात मूठभर पीठ. त्या वर्षाबद्दल त्या फारसे बोलत नसत. पण भावाला त्यांनी सांगितले, "दादा, हिला खाली एक दार ठेव."

"खाली? उंदरांना आमंत्रण द्यायला?"

"सरकतं दार कर, घट्ट. वरून भरायचं, खालून काढायचं. जे आधी आलं ते आधी पोटात जायला हवं. नाहीतर तळातलं तसंच पडून पडून मरतं."

"तायडे, तू आता गव्हाची पण रांग लावणार का?"

"लावणार. आणि तू मध्ये घुसू नकोस."

दादाने हसत हसत ते दार बसवले, कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत मला चार विटांवर उभे केले. भिंतीपासून वीतभर दूर. भिंतीची ओल मला लागू नये म्हणून.

मित्रांनो, ते माझे कामाचे दिवस होते. नवा गहू आला की आत्या तो गच्चीवर कडक उन्हात पसरायच्या. दोन्ही तळव्यांना एरंडेल तेल चोळून त्या गव्हातून असे हात फिरवायच्या, जसे एखाद्या लेकराच्या डोक्याला तेल लावावे. मग गहू पुरता थंड झाल्यावरच माझ्यात ओतायचा. गरम गहू कोठीत गेला की आत घाम धरतो, हे त्यांनी घरातल्या सगळ्यांना इतक्यांदा सांगितले होते की दादा ते झोपेतही बोलला असता. रोज सकाळी खालचे दार सर्र करून उघडायचे, त्या दिवसापुरता गहू सुपात पडायचा, आणि वरचा सगळा ढीग किंचित खाली सरकायचा. तो सरकण्याचा आवाज मला फार आवडायचा. आपण चालत आहोत असे वाटायचे.

माझ्या शेजारी फळीवर बाकीची मंडळी होती. डाळींचे डबे, मिठाची बरणी, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत काड्यापेट्या, मेणबत्त्या, झाकण लावलेले पाण्याचे पिंप. कोपऱ्यात वाळलेल्या लाकडांची मोळी. भपका काही नव्हता, पण प्रत्येकाची जागा ठरलेली होती. अंधारातही हात घातला तर हवी ती वस्तू मिळायची.

आणि आत्यांची एक खोड होती. महिन्यातून एखाद्या सकाळी, कोणाला आधी न सांगता, त्या चहाच्या वेळी जाहीर करायच्या, "आज दुकान बंद."

कोणते दुकान? सगळीच. त्या दिवशी घरातल्या कोणी बाजारात पाऊल टाकायचे नाही. घरात जे आहे त्यावर दिवस काढायचा. एकदा या 'दुकान बंद'ला कळले की मीठ संपले आहे. सगळे अळणी जेवले. एकदा काड्यापेटीच सापडेना, तेव्हा शेजारच्या शिंपीणकाकूंकडून विस्तव आणावा लागला. काकू चिमट्यात निखारा धरून म्हणाल्या, "का हो, कोठीवाल्या बाई! पोटभर धान्य आहे आणि पेटवायला काडी नाही?"

"म्हणूनच आज बंद ठेवलं," आत्या म्हणाल्या. "खरंच अडचण आली असती तर तुम्ही पण घरी नसता."

दादा बिचारा त्या दिवशी तंबाखूवाचून तळमळायचा. एकदा तो मागच्या दाराने सटकला, तर आत्यांनी भाच्याला पाठवून त्याला कोपऱ्यावरून परत आणले.

या खोडीचा अर्थ दादाला स्वतःला कळला तो त्याच्या हाताला कापले तेव्हा. पत्रा कापण्याची कातर सटकून तळहातात खोल गेली. जखम चिघळली आणि कामाचा अख्खा हंगाम गेला. त्याच्या दुकानाला कुलूप. पण आमच्या घरात रोज खालचे दार उघडले, रोज सूप भरले. भाचा शाळेतून आला की त्याला कधी रिकामे ताट दिसले नाही. हाताला पट्टी बांधलेला दादा माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसायचा आणि डाव्या हाताने माझ्या अंगावर थाप मारायचा. पुढे गल्लीतल्या अनेक घरांनी त्याच्याकडून माझ्यासारख्याच कोठ्या करून घेतल्या. सगळे खालच्या दाराचे कौतुक करायचे. मित्रांनो, कौतुक कोणाला नको असते? मीही फुगले होते.

मग दिवस पालटले. दादा वारला. भाचा मोठा झाला, बसचा ड्रायव्हर झाला, त्याचे लग्न झाले. भाचेसून घरात आली ती हसतमुख, कामाला वाघीण, आणि आत्यांवर जीव टाकणारी. तिला दोन मुली झाल्या. त्या आत्यांना आत्याआजी म्हणू लागल्या. आत्यांचे गुडघे मात्र पार गेले. मागच्या खोलीला दोन उंच पायऱ्या आहेत, त्या त्यांना चढवेनात. त्यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी आली आणि माझी त्यांची भेट बंद झाली.

इथून माझी उपेक्षा सुरू झाली. पण ती तुम्हाला वाटते तशी नाही. मला कोणी अडगळीत फेकले नाही. उलट भाचेसून मला रोज ओल्या फडक्याने पुसायची. मुलींना बजावायची, "आत्यांची कोठी आहे ती. अडचणीसाठी आहे. हात लावायचा नाही." रोजचे पीठ ती कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवीत आणायची. मला ठेवले राखून. नवा गहू आला की आतला ढीग जेवढा खचला असेल तेवढा वरून ओतायची, कारण आत्या रोज संध्याकाळी खाटेवरून विचारायच्या, "कोठी भरलेली आहे ना गं?"

"काठोकाठ आहे आत्या. तुम्ही काळजी करू नका."

ती खोटे बोलत नव्हती. मी काठोकाठ भरलेली होते. पण खालचे दार वर्षानुवर्षे कोणी उघडले नव्हते. माझ्यातला गहू हलत नव्हता. तळाशी पहिला किडा झाला तो मला कळला. मग दुसरा. मी पत्र्याची, मला ओरडता येत नाही. बाहेरून मी लख्ख होते आणि आतून मला पोखरले जात होते.

अशातच एका सकाळी नदीवरचा पूल खचला. आमची वस्ती या काठाला, बाजार, गिरणी आणि बसचा डेपो त्या काठाला. भाचा बस घेऊन तिकडेच अडकला. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फळ्या दोन दिवसांत रिकाम्या झाल्या. वीज गेली. पिशवीतले पीठ संपले. शिंपीणकाकू आता खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि एकट्या राहायच्या. त्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "मला कसली चिंता? आपल्याकडे कोठी आहे."

भाचेसून फडके खांद्यावर टाकून मागच्या खोलीत आली. खालचे दार गंजाने धरले होते. तिने बत्त्याने ठोकून ते सरकवले आणि सूप पुढे धरले. सुपात पडला तो राखाडी भुसा. त्यात जाळ्यांच्या गुठळ्या आणि वळवळणारे किडे. ती तिथेच खाली बसली. माझ्याकडे तिने एकदा असे पाहिले की मला माझ्या लख्ख अंगाची लाज वाटली.

तिला भूक परवडली असती. आत्यांना हे सांगणे परवडत नव्हते. ज्या कोठीवर आत्यांचा सगळा जीव, ती आपल्या हातून गेली, हे ती कोणत्या तोंडाने सांगणार? तिने दार लोटले, डोळे पुसले आणि मुलींना खूण केली, गप्प राहा.

थोरली गप्प राहिली. धाकटी पळतच पुढच्या खोलीत गेली. "आत्याआजी, तुझ्या कोठीत किडेच किडे!"

मग आत्यांचा आवाज आला, "मला उचला. खुर्चीत घाला आणि तिकडे न्या."

भाचेसून आणि थोरली, दोघींनी खुर्ची धरली. काकू काठीने मागून उगाच ढकलत होत्या. "सावकाश गं, म्हातारी सांडेल!" त्या ओरडल्या.

"तू आधी स्वतः उभी राहा नीट," आत्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांनी त्या माझ्यासमोर आल्या. त्यांनी सूप मागून घेतले, भुसा बोटांत चुरला, वास घेतला. भाचेसून भिंतीला पाठ लावून उभी होती. "आत्या, मी कधी हातसुद्धा लावला नाही हो हिला," ती रडत म्हणाली. "तुमची म्हणून जपली. एक दाणा नाही काढला."

"तेच तर झालं," आत्या म्हणाल्या. मग सूप मांडीवर ठेवून त्या हळूच बोलल्या, "पण चूक तुझी एकटीची नाही. मी रोज विचारत होते, भरली का. किती काढलंस, हे एकदाही विचारलं नाही. अगं, ही खायची कोठी आहे. तू तिला देव्हाऱ्यात बसवलीस आणि मी खाटेवरून आरती करत राहिले." आणि त्या हसल्या. त्यांचे ते हसू ऐकून भाचेसूनही रडता रडता हसली.

"आता डोळे पूस आणि वरचं झाकण काढ. वरचा गहू अलीकडचा आहे. त्यातला किती वाचलाय बघू."

मग मागच्या खोलीत जे काम सुरू झाले, ते मी दादाच्या वेळेनंतर पाहिले नव्हते. आत्या खुर्चीतून सांगत होत्या आणि घर हलत होते. वरचा गहू थराथराने काढला, गच्चीवर उन्हात टाकला. किडे उन्हाला पळाले. काकूंनी पाखडला, मुलींनी निवडला, भाचेसुनेने धुऊन पुन्हा वाळवला. तळातला गल्लीतल्या कोंबड्यांना गेला. गिरणी बंद, मग पीठ कुठले? आत्या म्हणाल्या, गहू भिजत घाला आणि तसाच शिजवा. गॅस संपला तेव्हा काकूंची कोळशाची शेगडी आली. धाकटी पहिला घास चावत चावत म्हणाली, "आत्याआजी, हे संपणार कधी? दात दुखले."

"चाव. तोंडाला काम राहिलं की बोलणं कमी होतं."

काकू म्हणाल्या, "मला तर दातच नाहीत. माझा वेगळा शिजवा." आणि खरोखरच त्यांचा वाटा वेगळा, अगदी मऊ शिजवला गेला.

पोटभर मिळाले असे म्हणणार नाही, पण रोज मिळाले. होड्या सुरू झाल्यावर भाचा खांद्यावर पिशवी घेऊन चिखलात माखून आला. "मला वाटलं तुम्ही मजेत असाल, कोठी आहे म्हणून," तो म्हणाला.

"मजेतच होतो," भाचेसून म्हणाली. "हात धू. आधी जेवून घे, मग सांगते."

नंतर मला पूर्ण रिकामे केले. घासले, उन्हात आडवे ठेवले, गंजलेल्या जागी ठिगळ मारले, दाराच्या कडांना तेल दिले. आणि मला काठोकाठ भरले नाही. जेवढे घर खाते त्या हिशेबानेच भरले. रोज सकाळी दार उघडू लागले. आत्यांनी खुर्ची मागच्या खोलीतच ठेवून घेतली होती. भाचेसून सूप धरायची आणि त्या सांगायच्या. वास कसा घ्यायचा, दाणा दातांखाली कसा फोडून बघायचा, पाण्याचे पिंप किती दिवसांनी बदलायचे, मेणबत्त्या उंदरांपासून कुठे ठेवायच्या. महिन्यातून एखाद्या सकाळी धाकटीच मोठ्याने ओरडायची, "आज दुकान बंद!" आणि बाप कपाळाला हात लावायचा.

मित्रांनो, आता मी खूप जुनी झाले आहे. माझ्यापेक्षा हलके, पारदर्शक, सुंदर डबे तुमच्या घरी असतील. जरूर ठेवा. तुम्हाला एवढीच विनंती आहे की जे साठवाल ते वापरत जा आणि जे वापराल ते पुन्हा भरत जा. आम्हाला नुसते पुसू नका, उघडा. आमच्यावर माया असेल तर ती आमच्या पोटात हात घालून दाखवा. ज्या वस्तूला कोणी हात लावत नाही, ती अडचणीच्या दिवशी कामाला येत नाही. आणि साठा आपल्या घरापुरता मोजू नका. शेजारी एखादी बिनदातांची काकू असतेच. तिचा वाटा त्यात धरा.

शिंपीणकाकू नवा पूल झाला त्या वर्षी वारल्या. आत्या त्यानंतर दोन वर्षांनी, थोरलीचे लग्न ठरले त्या आठवड्यात, सकाळी गहू काढून झाल्यावर खुर्चीतच गेल्या.