अडीचची वायर आणि आईची आंघोळ

जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, लाजेसला सकाळी गवतावर बर्फाची साय धरते. अशा गारठ्यात कमरेचं ऑपरेशन झालेली ब्याऐंशी वर्षांची आई राहायला आली, म्हणून मार्लेतेने साडेसात हजार वॉटचा शॉवर आणला. तोटीतच पाणी तापवणारा, गावात घरोघरी असतो तसाच. फक्त हा पैलवान जातीचा.

खोक्यात एक कागद होता. कुठली वायर लागेल ते त्यावर तक्ता काढून लिहिलं होतं: बोर्डापासून तीस मीटरपर्यंत सहा स्क्वेअर एमएम, त्यापुढे दहा. भिंतीत होती अडीचची, वडिलांच्या काळातली. मार्लेतेने तो कागद वाचला, हा तिचा पहिला गुन्हा. दुसरा म्हणजे, इलेक्ट्रिशियन बोलवावा असं ती नवऱ्याला म्हणाली. तेही तिचा सख्खा भाऊ जेनुइनो गावात असताना! जेनुइनोचं टायरचं दुकान होतं, त्यामुळे विजेतलं त्याला सगळं कळायचं. भाऊ असताना पैसे देऊन परका माणूस आणणं म्हणजे त्याचं थोबाड भर चौकात रंगवण्यासारखं. तेव्हा शॉवर जेनुइनोने बसवला आणि वायरीचा प्रश्न रविवारी अंगणात, मांस भाजता भाजता, कुटुंबापुढे आला.

"जेनु, दोन मिनिटं पाणी तापतं आणि बोर्डातला एमसीबी पडतो. काल आई साबण लावून कुडकुडत उभी."

"वीस अँपिअरचा आहे ना? म्हातारा झालाय. चाळीसचा टाकतो."

"अरे, पण वायर अडीचची. ती जळू नये म्हणूनच तो पडतो. कागदावर तर..."

"कागद कोण छापतं? वायर विकणारे."

"शॉवर विकणारे."

"तेच ते. एकमेकांचे साडू." जेनुइनोने बोर्डापासून न्हाणीपर्यंत लांब लांब टांगा टाकल्या. "अठरा पावलं. कसले तीस मीटर घेऊन बसलीस?"

"लहानपणी त्याने रेडिओ उघडला होता," आई अभिमानाने म्हणाली.

"तो नंतर कधी वाजला नाही, आई."

"पण उघडला तर होता!"

मार्लेतेचा नवरा ओव्हिदिओ याचं मत विचारलं गेलं. त्याने सळई फिरवली आणि मांस अजून कच्चं आहे असं सांगितलं. ठराव मंजूर झाला.

चाळीसचा एमसीबी बसला आणि खरोखरच पडायचा थांबला. आई रोज अर्धा अर्धा तास न्हाऊ लागली, आणि बाहेर आली की लेकाला फोन करून आशीर्वाद देऊ लागली. मार्लेतेला मात्र त्या अर्ध्या तासात दुसरं काही सुचत नसे. आई त्या न्हाणीतून धड बाहेर यावी, एवढीच तिची इच्छा असे, आणि तेवढी बोलून दाखवायची सोय नव्हती.

चौथ्या दिवशी आतून हाक आली. "मार्ले! माझ्या लेकाने भिंतसुद्धा गरम केली गं! हात टेकला की कशी छान ऊब!"

मार्लेतेने भिंतीला अलीकडून तळहात लावला. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखी भिंत. आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. ती धावत बोर्डाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला.

"अगं, मारतेस का मला?"

"तेच टाळतेय, आई!"

टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या आईने केस पुसायच्या आधी लेकाला फोन केला. मार्लेतेने इलेक्ट्रिशियन रोझिक्लेरबाईंना. दोघंही पाठोपाठ पोचली. जेनुइनो 'माते', म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, भांड्यात घेऊन बसला. एकाने नळीने ओढून दुसऱ्याला द्यायचं ते भांडं त्याने सगळ्यांना दिलं, बहिणीला वगळून.

रोझिक्लेरबाईंनी वायर ओढली. अर्ध्यात अडकली. जोर लावल्यावर जे बाहेर आलं ते काळं होतं आणि त्यावरचं प्लॅस्टिक पाइपातच वितळून राहिलं होतं. त्यांनी तो तुकडा टेबलावर ठेवला. ओव्हिदिओला एकाएकी अंगणात काम आठवलं.

"सहाची टाकाल ना?" मार्लेतेने विचारलं.

बाईंनी टेप लावला. बोर्डापासून छतात, छतातून स्वयंपाकघराला वळसा, मग खाली. "छत्तीस मीटर. दहाची लागेल."

"अठरा पावलं आहेत," जेनुइनो म्हणाला.

"वायर पावलांनी चालत नाही, दादा."

संध्याकाळी नवा पाइप, नवी वायर सगळं जागेवर बसलं. शेवटी जेनुइनोने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि एमसीबी?"

"चाळीसचाच. दहाच्या वायरीला तो बरोबर आहे."

आई खुर्चीतून उठली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, कुणाचा हात न धरता.

"बघ! माझा लेक आधीपासून चाळीस म्हणत होता. वायरच मागे पडली होती!"

जेनुइनोने थोर माणसासारखी मान खाली घातली. मार्लेतेच्या जिभेवर चार उत्तरं आली, चारही बिनतोड. पण आईने टॉवेल खांद्यावर टाकला होता आणि ती न्हाणीकडे निघाली होती.

"हो आई," मार्लेते म्हणाली, "वायरच मागे पडली होती." आणि पुढे होऊन तिने शॉवरचा खटका 'हिवाळा'वर, म्हणजे सगळ्यात कडक पाण्यावर केला.