चिरेखिंडीतलं आख्यान

चिरेखिंडीच्या घाटात बस वळणागणिक लांबत गेली, म्हणून श्रीपादबुवांना कोळंब्याला उतरता आलं नाही. गोष्ट एवढीच आहे, पण ती सावकाश सांगायला हवी.

निघाले तेव्हा बुवा मुद्दाम दाराशी बसले होते. कोळंब्याला त्यांची थोरली बहीण, आवडाक्का, अंथरुणाला खिळली होती आणि तिचा निरोप आला होता: श्रीपूला म्हणावं, एकदा तुझं कीर्तन ऐकायचंय, मग मी जायला मोकळी. आईमागं तिनंच त्यांना वाढवलं होतं. देवळात कीर्तनाला न्यायची, आणि त्यांना झोप लागली की मांडीवर डोकं घेऊन एकटीच ऐकत बसायची. पुढं बुवांचं नाव झालं. दरवर्षी अक्काच्या गावच्या उत्सवाचं बोलावणं यायचं, आणि त्याआधी कुठल्या तरी मोठ्या गावाचं येऊन बसलेलं असायचं. "पुढच्या खेपेला नक्की, अक्का." ती कधी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं बुवांना हल्ली वाटे.

पहिल्या वळणावर बस थांबली. इंजिन चालू होतं, चाकंही फिरत होती, पण गाडी जागची हलेना.

"दमली," कंडक्टर म्हणाला. त्याचं लक्ष बुवांच्या मांडीवरच्या झांजेकडे गेलं. "बुवा, म्हणा की काहीतरी. नुसतं बसून काय करायचं?"

"मला कोळंब्याला उतरायचंय. घाई आहे हो."

"मग आम्ही काय हौसेनं थांबलोय होय?" शेजारच्या बाकावरच्या सगुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या पायाशी फणस होता. "कीर्तनकाराकडं कीर्तन मागितलं आणि तो नाही म्हणाला, असं आमच्याकडं तरी ऐकलेलं नाही."

असं कुठंच कुणी ऐकलेलं नाही. बुवा उठले, उपरणं कमरेला कसलं, झांज वाजवून नमन धरलं. बस चालू लागली.

दोन पदं म्हणून आरती करता आली असती. पण माना डोलू लागल्या, सगुणाबाईंनी पदरानं डोळे टिपले, आणि समोर कुणी डोळे टिपले की बुवांना आटोपतं घेणं जमत नसे. त्यांनी चिंधीचं आख्यान लावलं. भावाचं बोट कापतं आणि बहीण अंगावरचं भरजरी वस्त्र फाडून ते बांधते, ते. आख्यान लावलं की आरतीशिवाय सोडायचं नाही, हा रिवाज.

पुढच्या वळणावर त्यांनी पाहिलं, तर दार लांब गेलं होतं. मधे नवी बाकं आली होती. बाकांवर माणसं होती, आणि ती डबे उघडून जेवत होती, सकाळपासून तिथंच असल्यासारखी. त्यापुढच्या वळणाला आणखी बाकं आली. बुवा गात गात दाराकडं निघाले, पण वाटेत जो तो वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवू लागला. कीर्तनाला उभा राहिलेला माणूस नारदाच्या गादीवर असतो, तिथं वयाचा मान चालत नाही. इतकी डोकी ओलांडून जायचं कसं? बुवा गायचे थांबले. बसही थांबली.

"तुम्ही बंद तर आम्ही बंद," कंडक्टर पुढून ओरडला. त्याचा आवाज पोचायला वेळ लागला.

"पण गायलो की दार लांब जातंय."

"ते तर आहेच."

बुवा गायले. ऊन कललं. बसचं पुढचं टोक डोंगराआड गेलं, आणि मग बाकाबाकावरून एक निरोप मागं सरकत आला. तो ऐकून सगुणाबाई बुवांच्या कानाशी लागल्या.

"कोळंबं आलं म्हणतात. तुमची बहीण चढली पुढच्या दारानं."

"तिला उठवत नाही अंथरुणातून."

"कीर्तन कानावर पडलं तशी उठली म्हणे. माणसं म्हणाली, बुवांना बोलावतो. तर म्हणाली, आख्यान मधे तोडू नका, मी ऐकते इथूनच."

"तिला सांगा, मी येतोय."

निरोप गेला. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "बहीण म्हणते, उपरणं सैल कर, श्वास पुरत नाहीये तुझा."

बुवांनी उपरणं सैल केलं. श्वास पुरू लागला. गाडी थांबू नये म्हणून ते गातच राहिले.

"कंडक्टरला विचारा," दोन चरणांच्या मधे ते म्हणाले, "आत्ताच आरती केली तर?"

याचं उत्तर लवकर आलं. "आरती झाली की ऐकायला बसलेले उठतात आणि आपापल्या वाटेनं जातात. पुढच्या दाराशी बसलेले आधी."

जायला मोकळी, असं अक्का म्हणाली होती. बुवांनी आरतीचा विचार सोडला आणि आख्यान वाढवलं. येतील ते दृष्टांत घातले, एकेक पद फिरून फिरून आळवलं. बस लांबत राहिली, दार दिसेनासं झालं.

मग ते मोठं वळण आलं, जिथं रस्ता उलटा फिरून स्वतःच्याच अंगावर येतो. बसचं पुढचं टोक वळून मागच्या टोकाजवळ आलं, खिडकीला खिडकी लागून सरकू लागलं, आणि एका खिडकीत आवडाक्का होती. डोळे मिटलेले, डोक्यावर पदर, बोटांनी खिडकीच्या कडेवर ताल धरलेला. हात लांबवला तर पोचेल इतकी जवळ.

बुवा गायचे थांबले. बस थांबली.

अक्कानं डोळे उघडले. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. भाऊ गादीवर उभा होता. तिनं पदर नीट केला, हात जोडले आणि खिडकीबाहेर वाकून त्यांच्यापुढं माथा टेकवायला लागली. नको अक्का, वाकायचं ते मी, असं म्हणायला बुवांनी तोंड उघडलं आणि पदाचा पुढचा चरण बाहेर पडला.

बस हलली. तो पांढऱ्या केसांचा वाकलेला माथा त्यांच्या खिडकीवरून पुढच्या खिडकीवर सरकला, आणि तिथून त्याच्या पुढच्या.