आठशे चौदा झाडं आणि एक हुकूम

उशीर

मदन खुर्चीवर टेकला तेव्हा टेबलापलीकडच्या तिघांनी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत डांबर. रॉकेलने घासून घासून तळवे तेवढे तपकिरी झाले होते, नखं मात्र काळीभोर.

"अकराची वेळ दिली होती," अध्यक्ष म्हणाले. "पावणेएक झालाय."

"व्हय. म्हणजे, होय साहेब."

"कारण?"

मदनने पिशवीतून एक लांबट रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. त्यावर घडी घातलेला एक कागद ठेवला. "झाडं मोजायची होती, साहेब."

काळ्या कोटातले सभासद हसले. त्यांच्या शेजारच्या, मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, हसल्या नाहीत. त्यांनी कागद उलगडला.

जागा कायम कारकुनाची होती. साल चौसष्ट, महिना फेब्रुवारी, सांगलीतल्या एका शाळेचा चित्रकलेचा वर्ग निवड मंडळाने दिवसभरासाठी घेतलेला. मदन मॅट्रिक झालेला, त्याच्या घरातला पहिलाच. रस्ते खात्याच्या एका आडगावच्या कचेरीत दोन वर्षं हजेरी कारकून होता, पण हंगामी. पावसाळा आला की घरी. ही जागा मिळाली तर पावसाळाही त्याचा होणार होता.

बाईंनी कागद मोठ्यानं वाचला.

"कुंडल ते बोरवाडी या पाच मैलांतील दुतर्फा सर्व झाडांची मोजणी करावी. प्रत्येक झाडास चुन्याचा पट्टा मारून त्यावर डांबराने नंबर घालावा. झाडाची जात व बुंध्याचा घेर रजिस्टरात नोंदवावा. काम पुरे करून रजिस्टर समक्ष दिल्याशिवाय मुख्यालय सोडू नये." त्या थांबल्या. "तारीख शनिवारची. वेळसुद्धा घातलीय, संध्याकाळी साडेपाच. सही ओव्हरसियरची."

"आणि मुलाखत आज, सोमवारी," अध्यक्ष म्हणाले.

"मधी एक रविवार व्हता, साहेब."

काळ्या कोटाने रजिस्टर उघडलं, शेवटचं पान पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "आठशे चौदा झाडं. एका रविवारात. एका माणसानं. अहो, हे घरी बसून लिहिलंय."

कालचा दिवस अजून मदनच्या अंगातून उतरला नव्हता. तो म्हणाला, "विचारा की साहेब. कुठलंबी झाड विचारा."


४१२

"चारशे बारा," काळा कोट म्हणाला. बोट रजिस्टरातल्या ओळीवर.

"बाभळ. घेर तीन फूट दोन इंच. हितं चार आणि दोन भांडले."

"कोण भांडले?"

"चार आणि दोन. दोनाचं म्हणणं, चारानं पट्ट्याची सगळी जागा खाल्ली, मी कुठं बसू. मधला एक गप उभा. मग एकच म्हणाला, मी अंग चोरून घेतो, पर भांडू नका."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, पहिल्यापासून सांगा."


१

पहिलं झाड लिंबाचं. तिथं मदन रविवारी उजाडता उजाडता एकटाच उभा होता. डांबराचा डबा, चुन्याची बादली, काथ्याचा कुंचा आणि सुतळी. एका झाडाला पट्टा, नंबर, घेर, नोंद. त्याने मनात हिशेब केला आणि हिशेब मंगळवारपर्यंत गेला.

तेवढ्यात रस्त्यावरच्या गँगची चंद्राबाई आली. वीस वर्षं खडी फोडून तिचे हात खडीसारखेच झाले होते. मागून सगळी गँग. बायका, बाप्ये मिळून वीसेक माणसं. रविवार त्यांच्या सुट्टीचा.

"कुटनं सुरुवात?" चंद्राबाईने विचारलं.

"तुमाला कुणी सांगितलं, मावशी?"

"नानासोनंच की, तुज्या सायबानं. काल पारावर सांगत व्हता, मदनला झाडाला बांधून आलो म्हनून. म्हनलं बगू तरी, दोर कसला हाय."

"आवं, पर नंबर घालायचेत. तुमच्यात लिवता येतंय कुणाला?"

लिहिता कुणालाच येत नव्हतं. चंद्राबाईनं कुंचा उचलला, डांबरात बुडवला, आणि म्हणाली, "समदं शिकायला जलम जाईल. येक येक शिकायला किती येळ लागतोय?"

मदनला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो रस्त्यावरच मटकन बसला आणि हसत सुटला.

त्याने मातीत दहा आकडे काढले आणि दहा माणसांना एकेक वाटून दिला. जाईबाईला तीन. कोंडीबाला एक, कारण त्याचा उजवा हात कापायचा आणि एकाला वळणं कमी. उरलेल्यांना चुना आणि सुतळी. कुंचा एकच होता, बाकीचे काथ्या पिंजून तिथंच बांधले. दहाही जणांनी आपापला आकडा मातीत पन्नास वेळा गिरवला. अर्ध्या तासात कुंडलच्या रस्त्यावर दहा आकडे हातात कुंचा घेऊन उभे होते.

चंद्राबाईने शून्य मागून घेतलं. "काम कमी, मान जास्त," ती म्हणाली.


१००

"शंभरावं?" हा प्रश्न बाईंनी विचारला. रजिस्टरात न बघता.

"आंबा. घेर सहा फूट. हितं मावशी फसली."

नव्याण्णवपर्यंत चंद्राबाई राणीसारखी चालत होती. दहा झाडांमागे एक शून्य, तेही डौलात, बांगडी काढावी तसं गोल. बाकीचे घामाघूम, ही पान चघळतेय. शंभराला दोन शून्यं आली. "आं, येकदम दोन?" म्हणत तिने काढली. एकशे एकला पुन्हा शून्य. एकशे दोनला पुन्हा. एकशे पाचला तिने पान थुंकलं. एकशे नऊला पदर खोचला. एकशे दहाला तिनं कुंचा मदनच्या पुढं धरला. "बारा काढली बग, येका दमात. ह्यो कसला मान रं? कुनी तरी आठ बदलून घ्या माज्याशी. त्यो बगा कसा बिडी वडतोय."

आठ खरंच निवांत होता. "माझी येळ आठशेला हाय," तो म्हणाला.

असं दर शंभरीला एकेकाचं राज्य येई आणि त्याचीच दमछाक होई. कोंडीबाचं राज्य एकशे नव्याण्णवला संपलं तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. नावं तर सगळी विसरलीच. "ये पाच, सरक तिकडं." "सात कुठं मेला?" "सात पानी प्याला गेलाय." "आन पंचाहत्तर काय त्याचा बा काढणार?"

बाईंनी रुमाल तोंडाला लावला होता. अध्यक्षांचे खांदे हलत होते. काळा कोट मात्र पानं उलटत होता.


३४१

"चिंच," मदन म्हणाला. "घेर नऊ फूट. शांतिनाथ आण्णांच्या बांधाला."

तिथं शांतिनाथ आण्णा बांधावर हात पसरून उभे होते. धोतर, काळी टोपी, भुईमूग आणि द्राक्षाचा बागाईतदार माणूस. "नंबर पडला की लिलाव होणार. ही चिंच माझ्या आज्यानं लावलीय. हात लावायचा नाही."

"आण्णा, ती रस्त्याच्या हद्दीत हाय," मदन म्हणाला.

"आज्याला हद्द ठाऊक नव्हती."

"मग तसं लिहितो. शेऱ्याच्या रकान्यात. लावणाराचं नाव घालतो. लिलाव व्हायच्या आधी कुणीतरी वाचंल."

आण्णांनी विचार केला. आजपर्यंत कुठल्या सरकारी कागदात त्यांच्या आज्याचं नाव आलं नव्हतं. "नीट अक्षरात लिही," ते म्हणाले. मग एकदम ओरडले, "थांबा."

सगळे थांबले.

"मुंग्या हायेत."

बुंध्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. आण्णांनी लिंबाचा डहाळा घेतला आणि एकेक मुंगी हळूच बाजूला सारली. दहा आकडे कुंचे धरून तिष्ठत राहिले. चंद्राबाई पुटपुटली, "अशानं पुढच्या रविवारी बोरवाडी." पण कुणी घाई केली नाही.

आणि नेमकं तेव्हाच जाईबाईचं तान्हं रडलं. तीन दूध पाजायला गेला आणि तीनशेची शंभरी अर्ध्यात अडकली. आण्णांनी धोतराचा काष्टा घट्ट केला. "मला येतंय तीन," ते म्हणाले, आणि तीनशे नव्याण्णवपर्यंत तेच तीन झाले, दर झाडाला आधी मुंग्या झाडत. दुपारी त्यांच्या इंजिनाच्या पाण्याच्या धारेखाली सगळ्यांनी हात धुतले, आणि आण्णांनी गूळ-शेंगा दिल्या. पाणी सगळ्यांनी एकाच पाटाचं प्यायलं. मदनने ते पाहिलं. ती नोंद रजिस्टरात नाही.


तक्रार

"हे सगळं ठीक," काळा कोट म्हणाला. "पण तुमच्या वरिष्ठांचा शेरा आलाय अर्जावर. भांडखोर, वरिष्ठांविरुद्ध कागदबाजी करणारा. ती काय भानगड?"

मदनचा चेहरा उतरला. ही गोष्ट येणार हे त्याला ठाऊक होतं.

नानासो हे त्याच्या कचेरीचे ओव्हरसियर. गँगची हजेरी रस्त्यावर लागे आणि चारपाच माणसं नानासोंच्या घरी राबत. कुणी पाणी शेंदायचं, कुणी दळण आणायचं. मदनच्या आळीतल्यांना पाणी सांगत नसत, लाकडं फोडायला सांगत. आठ वर्षांपूर्वी त्या आळीनं धर्म बदलला होता. नानासोंच्या आडाला ते अजून कळलं नव्हतं. हजेरी मदन लिहायचा. खडी फोडली, असं लिहायचा. दिवाळीनंतर त्याने तसं लिहायचं सोडलं आणि वरच्या कचेरीला एका पानाची तक्रार धाडली.

तक्रार पंधरा दिवसांत परत आली. नानासोंकडेच. "चौकशी करून अहवाल सादर करावा."

नानासोंनी स्वतःची चौकशी केली. स्वतःचा जबाब घेतला. स्वतःला निर्दोष ठरवलं. आणि मदनचं अक्षर चांगलं म्हणून अहवाल त्याच्याकडूनच लिहून घेतला.

हे ऐकून काळा कोटसुद्धा हसला. मग सावरला. "पण काल तुम्ही तरी काय केलंत? गँगच्या माणसांकडून आपलं काम करून घेतलंत. फरक काय?"

मदनच्या कपाळावर घाम आला. डांबराच्या हाताने त्याने तो पुसला आणि कपाळावर एक पट्टा उमटला.

"साहेब," तो म्हणाला, "ते सरकारी वेळात माणसं घरच्या कामाला लावतात. ह्या माणसांनी घरच्या वेळात सरकारी काम केलं."

अध्यक्ष खुर्चीत पुढे झाले. "मग हे रजिस्टर इथं कसं? समक्ष दिल्याशिवाय मुख्यालय सोडू नये, असं हुकुमात आहे."

"काल दिवस मावळायच्या आत शेवटचं झाड झालं. आज सकाळी सातला मी नानासोंच्या दारात. कुलूप. शेजारी म्हणाले, काल दुपारीच माधवनगरला पाहुण्यांकडे गेलेत. दहापर्यंत वाट बघितली. मग आलो."

"हुकूम मोडून."

"मोडून."

"असं बघा," अध्यक्ष सावकाश म्हणाले. "तुमच्यावरचा शेरा मी बाजूला ठेवू शकतो. पण तक्रार धरून बसलेला माणूस घ्यायचा म्हणजे कटकट. कालचा दिवस तुम्हीच सांगता मजेत गेला. मग आता तक्रार कशाची राहिली? सोडून द्या की."

बाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. मदन आपल्या नखांकडे पाहत होता. होय म्हणायला एक शब्द पुरला असता. पावसाळा मिळाला असता. आणि आज सोमवार होता. नानासो एव्हाना परतले असणार, आणि गँगमधलं कुणीतरी या घटकेला त्यांच्या आडावर रहाट ओढत असणार.

"मजा आमची व्हती, साहेब," तो म्हणाला. "हुकूम त्यांचा व्हता. मजेची तक्रार न्हाई माझी."

मग अध्यक्षांनी टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला. "बाहेर बाकावर बसून लिहा. शेवटपर्यंत लिहा. हा हुकूम सोबत जोडा. त्याच्यावर त्यांनीच वेळ घालून सही केलीय, ह्याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही."

"पर ते पुन्हा खालीच गेलं तर?"

"उद्या मी साताऱ्याला तुमच्या खात्याच्या मोठ्या कचेरीत जातोय. कागद माझ्या खिशातून वर जाईल."

मदनने बाकावर बसून दोन पानं लिहिली. समासात ठिकठिकाणी डांबराची बोटं उमटली. शिपाई डोकावून म्हणाला, "सही तर केलीसच, अंगठंबी सगळं दिलंस."


८१४

शेवटचं झाड करंज. त्याबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून मदनने ते सांगितलं नाही. आठ, एक, चार. तिघांनी आपापला आकडा काढला आणि बाकीचे सातजण बोरवाडीच्या वेशीवर, कुंचे खाली ठेवून, काम नसल्यासारखे उभे राहिले.


दोर

साताऱ्याहून दोन माणसं जीपमधून आली तेव्हा मार्च संपत आला होता. त्यांनी नानासोंना काही न विचारता आधी गँगला विचारलं. नानासोंची नोकरी राहिली, ताकीद मिळाली, आणि गँग रस्त्यावरच राहील असा लेखी हुकूम आला. पुढच्या आठवड्यात निवड मंडळाची यादी लागली. मदन सहावा होता.

कायम नोकरीवर रुजू व्हायचं तर आधी जुन्या जागेवरून मोकळं व्हावं लागतं, आणि त्या कागदावर सही नानासोंची. मदन गेला तेव्हा नानासो कचेरीला लागूनच असलेल्या आपल्या घरच्या आडावर होते. विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, हातात दोर. घागर वर येता येता काठाला आपटली आणि निम्मं पाणी परत आडात.

रस्त्याच्या पलीकडे गँग भाकरी खायला बसली होती.

"सायेब," चंद्राबाईने हाक मारली, "घागर वाकडी हाय. आदी दोर ढिला सोडा, मंग वडा."

नानासोंनी मान वर केली नाही. पण दोर ढिला सोडला. या खेपेला घागर भरून आली.

"आता जमतंय बगा."

मदनने कागद कचेरीच्या पायरीवर ठेवला, त्यावर खडा ठेवला, आणि रस्ता ओलांडून गँगमध्ये जाऊन बसला. कोंडीबाने त्याच्या हातावर भाकरी-ठेचा ठेवला.

"सही?" कोंडीबाने विचारलं.

"त्यांच्या अजून चार घागरी ऱ्हायल्यात," मदन म्हणाला. "होऊ दे निवांत."