शनिवारचा शेंदूर

"मावशी, जरा बाजूला व्हा. दोन मिनिटांचं काम आहे," हे पुन्हा म्हणाले.

सगुणाबाई हलली नाही. दगडाला पाठ लावून ती उभी होती. दगडावर तिचंच एक जुनं लुगडं टाकलेलं होतं आणि ते घसरू नये म्हणून दोन्ही टोकं तिने मुठीत धरली होती.

"मागल्या टायमाला काढलात ना फोटू? मंग आता कशाला?"

"तेव्हा नुसता शेंदूर दिसत होता. आता शेंदूर गळलाय, खालचं कोरीव काम दिसेल."

"म्हनून तं नको म्हनतंय."

कासू स्टेशनच्या अलीकडे हमरस्ता सोडून खाडीकडे एक मातीचा रस्ता उतरतो. त्याच्या टोकाला कातकऱ्यांची पंधरा-वीस घरांची ही वाडी आणि वाडीच्या तोंडाशी, करंजाच्या झाडाखाली, हा दगड. पावसाळ्याच्या आधी आम्ही आलो होतो तेव्हा तो शेंदराने इतका माखलेला होता की त्याला धड आकारच नव्हता, फक्त चांदीचे दोन डोळे बसवलेले. वाडीची आई. मी तिची ओटी भरली होती. हे मात्र वाकून वाकून कडेने बघत राहिले, आणि निघताना गाडीच्या किल्लीने त्यांनी शेंदराचा एक कोपरा खरवडला. एवढासाच. मी "अहो" म्हटलं, तर म्हणाले, "आत काय आहे ते नको का कळायला?"

हे पेणच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी खिडकीत बसून रोह्याची गाडी, महाडची गाडी, अलिबागची गाडी पुकारण्यात गेली, आणि स्वतः कुठे गेले नाहीत. निवृत्त झाल्यावर एक जुनी अल्टो घेतली. तेव्हापासून दर शनिवारी आम्ही निघतो. पडक्या धर्मशाळा, दगडी पूल, मैलाचे दगड, पायऱ्यांच्या विहिरी, वीरगळ. हे फोटो काढतात, मापं घेतात, आपल्यासारख्याच हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकतात. टेपचं दुसरं टोक मी धरते. माझं मागणं एकच असतं. शनिवारी मारुतीला तेल-शेंदूर वाहिल्याशिवाय मी काही खात नाही, तेव्हा वाटेत तेवढी गाडी थांबवायची. ते थांबवतात. कधी कुरकुर केली नाही.

खाडीवरून वारा आला आणि लुगड्याचं वरचं टोक सगुणाबाईच्या हातून सुटलं. दगडाच्या डोक्याशी चंद्रकोर आणि सूर्य कोरलेले दिसले.

हे मातीत गुडघेच टेकून बसले.

"गधेगाळ आहे ही, वनिता." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "या पट्ट्यात कोणाच्याच नोंदीत नाही."

"म्हणजे काय?"

"जुने राजे कोणाला जमीन दान द्यायचे ना, तेव्हा असा दगड रोवायचे. वर चंद्र-सूर्य, म्हणजे तोवर दान टिकेल. मध्ये अक्षरं. आणि कोणी मोडलं तर त्याला खाली शिवी कोरलेली असते. गाढव आणि बाई."

"बाई कोण?"

त्यांनी सगुणाबाईकडे चोरून पाहिलं. "मोडणाऱ्याची आई," ते हळूच म्हणाले.

सगुणाबाईने ऐकलं. तिने लुगडं पुन्हा वर ओढलं.

प्रणित म्हणून ग्रुपमधला एक मुलगा कोलाडला राहतो. त्याला जुनी अक्षरं वाचता येतात, कॅमेराही चांगला आहे. हे त्याला फोन लावू लागले, पण वाडीत रेंज नव्हती.

"मी रस्त्यापर्यंत जाऊन येतो. प्रणितला आत्ताच बोलावतो. दगडावरचा लेख वाचला की उद्या पेपरलासुद्धा देता येईल." मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तू इथेच थांब. कोणाला दगडाला हात लावू देऊ नकोस."

गाडी धूळ उडवत गेली. वाडीत पुरुषमाणूस कोणी नव्हतं, सगळे रोजावर गेलेले. एका ओटीवर कोंबड्या फिरत होत्या.

सगुणाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू राखन बसलीस का गो?"

मी करंजाच्या सावलीत सरकले.

"सकाली उठून झाडाय आलू तं आईच्या अंगावरची खोल पडलेली. पुरा शेंदूर खाली. मी घाबरली. मंग खालती बघितला." ती थांबली. "सुनेला पन नाय सांगितला. लुगडा टाकला नि बसली. घट बसतीन आता. रस्त्यावरच्या गावातली पोरा येतीन फोन घेऊन. आमाला हसायला त्यांना काय लागतंय? कातवडी ते कातवडी, त्यांची देवी पन तसलीच, बोलतीन."

"भगताला बोलावलंत का?"

"संध्याकालचा येल तो. तो बघल नि मंग सगली बापय मानसा बघतीन." ती माझ्याकडे वळली. "बाय, खरा सांग. खोल अशी आपसूक पडत नाय. दादांनी नख लावला व्हता का?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण तिच्या पायाशी शेंदराची जाड ढलपी पडली होती आणि तिच्या एका कडेला सरळ खरवडलेली रेघ होती. त्या रेघेतून पावसाळाभर पाणी आत गेलं असणार.

"नख नाही. किल्ली," मी म्हटलं.

तिने मान हलवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"बघ मंग तू पन," ती म्हणाली आणि लुगडं खालून वर उचललं.

मी पाहिलं. झिजलेलं होतं, तरी कळत होतं. बाईचा चेहरा पार पुसट झाला होता, वरचं जनावर तेवढं नीट राहिलं होतं. जमीन कोणीतरी बळकावणार, राग कोणा राजाला येणार, आणि दगडावर कोरलेली ही. मी डोळे मिटून घेतले. मी हिच्यापुढे खण ठेवला होता, नारळ ठेवला होता.

"आमची आई हाय का नाय ही?" सगुणाबाईने विचारलं.

"मी ओटी भरली आहे हिची," मी म्हटलं. "ती काही मी परत नेणार नाही."

सगुणाबाई खाली बसली. बराच वेळ ती ढलपीवरचे चांदीचे डोळे अंगठ्याने पुसत होती.

"दिवालीला आमी बायकाच शेंदूर लावताव," ती म्हणाली. "बापयांनी हात नाय लावायचा. का, ता कोनी सांगितला नाय. सासू माझी डोल्यांनी गेल्याली, तरी स्वता यायची. हातानी चाचपायची नि बोलायची, खालच्या अंगाला जाड लाव गो. वर पातल झाला तं चालल, खालती उघडी पडाय नको."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

मग मी पर्स उघडली. तेलाची बाटली होती, शेंदराची पुडी होती. शनिवारची. घरून निघताना देवापुढे ठेवून मग पर्समध्ये घातलेली. ती मारुतीची होती आणि ती मोडायची म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं.

"तुमच्याकडे आहे का थोडा?" मी विचारलं.

ती उठली आणि पळतच गेली. या वयाची बाई अशी पळताना मी पाहिली नव्हती. करवंटीत गेल्या दिवाळीचा सुकलेला शेंदूर घेऊन आली. त्यात माझी पुडी रिकामी केली, तेल ओतलं, बोटांनी कालवलं. आधी खालचा भाग. दगड आतून ओला होता, शेंदूर धरत नव्हता. सगुणाबाईने पदराने दगड कोरडा केला, मी थापत गेले. जाड. बाईच्या पुसट तोंडावरून हात फिरला तेव्हा नाकाचा उंचवटा बोटाला लागला.

"लवकर कर गो," ती म्हणाली. गाडीचा आवाज येत होता.

वरचे चंद्र-सूर्य माखायचे राहिले होते. ते तिने एका हाताने झाकले, दुसऱ्याने लिंपले. करवंटी खरवडून शेवटचा थर देत होतो तेवढ्यात गाडीचं दार वाजलं.

हे आले आणि उभेच राहिले. दगडाकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे.

"वनिता."

मी उठले नाही.

"अगं, मी तुला राखायला सांगून गेलो होतो. प्रणित निघतोय तिकडून. किती वर्षं हिंडतोय आपण, एक नवी गोष्ट हाताला लागली नव्हती. एक."

"माहीत आहे."

"ओला आहे अजून. निघेल," ते स्वतःशीच म्हणाले. खिशातून त्यांनी गाडीची किल्ली काढली आणि माझ्या शेजारी वाकले. सगुणाबाई आडवी आली नाही. मी तळहात दगडावर सपाट ठेवला, खालच्या अंगाला. किल्लीचं टोक माझ्या बोटांना लागलं, टोचलं.

"अहो," मी म्हटलं.

किल्ली तशीच राहिली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग सगुणाबाईच्या तेलाने माखलेल्या हातांकडे. मग बाजूला पडलेली ढलपी त्यांना दिसली. ती उचलून त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. आपली रेघ त्यांना ओळखता आली असणार.

ढलपी त्यांनी दोन्ही हातांनी सगुणाबाईच्या पुढे धरली.

"ही खाडीत सोडायची ना?"

"व्हय," ती म्हणाली. "पन डोले काढून घिऊ दे आधी."

तिने चांदीचे डोळे काढले आणि ओल्या शेंदरात अंगठ्याने दाबून बसवले. एक थोडा वर बसला. कोणी तो नीट केला नाही.

रस्त्याला लागल्यावर रेंज आली. यांनी गाडी कडेला घेतली आणि फोन लावला.

"प्रणित, अरे निघू नकोस. नाही, काही नाही. साधा शेंदरी दगड आहे. माझीच बघण्यात चूक झाली." पलीकडून तो काही विचारत असावा. "चंद्र-सूर्य? छे. सावली पडली होती रे."

गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तर तेसुद्धा पुकारून सांगणारा हा माणूस. फोन खिशात घालून ते पुढे बघत गाडी चालवू लागले. नागोठणं मागे पडलं.

रोह्यात मारुतीच्या देवळापाशी त्यांनी न सांगता गाडी थांबवली. मी आत गेले. गुरवबाई ओळखीची.

"ताई, आज तेल नाय आनलाव?"

"आज वाटेत वाहिलं."

तिने माझ्या लाल झालेल्या हातांकडे पाहिलं. मी ते तसेच जोडले.

देवळाच्या दारातून हे दिसत होते. गाडीला टेकून उभे होते. हातात किल्ली होती आणि तिच्या दातांत बसलेला शेंदूर ते रुमालाच्या टोकाने काढत होते. निघत नव्हता. त्यांनी किल्ली उन्हात धरून पाहिली आणि पुन्हा पुसायला घेतली.