दाराकडे निघालेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी झुलती खुर्ची आहे आणि मला चालता येते. हसू नका. माझ्या पायांखाली दोन वाकड्या पट्ट्या आहेत. त्यांतली डावी पट्टी केसभर वेगळी उतरली आहे. त्यामुळे कुणी माझ्यावर बसून झुलू लागले की दर झोक्याला मी तीळभर पुढे सरकते. तीळ तीळ करत सगळी खोली ओलांडते.

माझा जन्म जंगलातल्या एका लाकडी घरात झाला. घर म्हणजे एकच मोठी खोली, एका टोकाला चूल आणि दुसऱ्या टोकाला दार. तिथे राहणाऱ्या सुताराच्या घरी बाळ यायचे होते. बायकोला बाळ घेऊन बसायला नीट जागा हवी, म्हणून त्याने मला घाईघाईने घडवले. बाकीचे लाकूड वाळलेले होते, पण डाव्या पट्टीपर्यंत ते संपले, म्हणून तिला त्याने ओलसर लाकूड लावले. महिनाभरात ती पट्टी वाळली आणि थोडी पिळली. सुतार फार शरमला. रंधा घेऊन धावला, तेव्हा त्याची बायको माझ्यावर ठाण मांडून बसली. "खबरदार हात लावलात तर! बसल्या बसल्या फिरायला नेणारी खुर्ची कुणाच्या नशिबी असते?"

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. लेक झाली. तिची आई तिला घेऊन चुलीपाशी माझ्यावर बसायची आणि झुलत गुणगुणायची. सुतार लाकडाच्या गिरणीतून परत येईपर्यंत मी दाराला टेकलेली असायचे. तो बाहेरून दार ढकलायचा आणि आतून आवाज यायचा, "थांबा हो, तुमची खुर्ची आडवी आली आहे!" घरात दुसरा पुरुष नाही, आजूबाजूला जंगल. पण दाराला मी टेकले की त्या माउलीला निर्धास्त वाटायचे. वर्षानुवर्षांच्या त्या चालण्याने जमिनीच्या फळ्यांवर चुलीपासून दारापर्यंत दोन चरे पडले.

लेक शाळेत जाऊ लागली तसे कुटुंब शहरात राहायला गेले. नव्या खोल्या लहान होत्या. मला नंतर न्यायचे म्हणून मागे ठेवले आणि न्यायचे राहूनच गेले. काही वर्षांनी ती माउली वारली हे मला फार उशिरा कळले. माझ्यावर धूळ बसली, एका उंदरिणीने माझ्या बैठकीत पिल्ले घातली. निदान कुणाच्या तरी बाळांच्या कामी आले, अशी मी मनाची समजूत घातली.

आणि एके दिवशी कुलूप उघडले. दारात सुताराची लेक उभी होती. केसांत दोन-चार चांदीच्या तारा, मागे चार माणसे, हातात सामानाच्या पेट्या. तिला भुताचा सिनेमा काढायचा होता.

मित्रांनो, तो सिनेमा कसा बनला ते सांगितले तर तुम्हाला भीतीऐवजी हसू येईल. रात्र हवी असली की भर दुपारी खिडक्यांवर काळी घोंगडी ठोकायचे. धुके हवे असले की पातेल्यात ओले गवत जाळायचे आणि सगळे मिळून खोकायचे. रक्त म्हणजे बीटाचा रस. कॅमेऱ्याची गाडी म्हणजे एक जुनी बाबागाडी, आणि ती ढकलायला एक दाढीवाला. जी बाई किंचाळायची तीच स्वयंपाक करायची. आवाज टिपणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. मुंगी चालली तरी त्याला ऐकू येते, अशी त्याची ख्याती होती.

आणि त्या सिनेमातले भूत म्हणजे मी! एका एकाकी घरात चार मित्र उतरतात. तिथली रिकामी खुर्ची आपोआप झुलते आणि दाराकडे सरकत जाते. झुलवायला माझ्या मागच्या पायाला मासे पकडायची बारीक दोरी बांधलेली असे आणि भिंतीआडून दाढीवाला ती ओढत असे. पण चालायचे मी माझी. "यात काहीही खोटं नाही," असे लेक अभिमानाने म्हणायची. म्हातारपणी एवढे कौतुक वाट्याला आले की मीही जरा जोमाने झुलायचे.

चौथ्या दिवशी सुतार आला. काठी टेकत, लेकीसाठी जेवणाचा डबा घेऊन. मला पाहून त्याने माझ्या हातावरून हात फिरवला. मग लेकीने त्याला कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मला चालताना दाखवले.

"आईच्या खुर्चीला भूत केलंस?" तो म्हणाला.

"बाबा, शेवट तरी ऐका."

"नको. मला नाही कळत तुमचं ते."

शेवटचे दृश्य तेवढे उरले होते. कॅमेरा मागून आणलेला होता आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत द्यायचा होता. सकाळी सगळे ओढ्यावर पाण्याचे आवाज टिपायला गेले आणि सुतार माझ्याजवळ एकटा राहिला. त्याने मला पालथे घातले आणि डाव्या पट्टीकडे बराच वेळ पाहिले. "एवढी वाकडी खुर्ची दिली मी तुला," तो पुटपुटला. माझ्याशी नव्हे. मग त्याने पिशवीतून रंधा काढला. चाळीस वर्षांची शरम त्याने तासाभरात तासून टाकली.

दुपारी घोंगडी लागली, दिवा लागला, दोरी ओढली. मी झुलले. अगदी सुरेख, संथ झुलले. आणि तीळभरही हलले नाही.

"दोरी ओढ ना नीट!"

"ओढतोच आहे! हिलाच काहीतरी झालंय!"

त्यांनी मला दोरीने सरळ ओढून पाहिले. पडद्यावर मी ओढत नेलेल्या पोत्यासारखी दिसले. लेकीने वाकून माझी पट्टी पाहिली, खाली पडलेला भुसा पाहिला.

"बाबा, काय केलंत हे?"

"दुरुस्त केली. मोठ्या पडद्यावर जाणार ना ती? लोक म्हणतील, तुझ्या आईचा नवरा सुतार होता की कोण होता!"

लेक मटकन खाली बसली. रागावली नाही, तेच जास्त वाईट होते. "बाबा, सगळ्यांना वाटतं की खुर्ची त्यांना मारायला येते आहे. शेवटी ती दाराला जाऊन टेकते आणि बाहेर जे काही आलेलं असतं, त्याला आत येताच येत नाही. पोरं वाचतात. रोज ती दार अडवायलाच जात असते."

सुताराने दाराकडे पाहिले. म्हणाला, "म्हणजे ते भूत…"

"आईच आहे, बाबा."

म्हाताऱ्याने चष्मा पुसला आणि कानस मागितली. पण मित्रांनो, चूक काही मोजून केलेली नव्हती. "बरोबर कसं करायचं ते जन्मभर केलं," तो म्हणाला, "केलेली चूक परत कशी करायची ते कुणी शिकवलंच नाही." त्याने अंदाजाने पट्टी घासली. मी झुलले आणि उलट चुलीकडे निघाले.

"गेली रुसून माहेरी!" कानसेन म्हणाला. एवढ्या काळजीतही सगळे हसले. मग कानसेनाच्याच डोक्यात काहीतरी आले. त्याने आदल्या दिवशी टिपलेला माझा आवाज लावला आणि त्याची कानांवर बसवायची यंत्रे म्हाताऱ्याच्या डोक्यावर चढवली. "काका, डोळ्यांनी नका करू. हे ऐका."

टक्, ट-टक्. टक्, ट-टक्.

सुताराने डोळे मिटले. हा आवाज त्याने दाराबाहेर उभे राहून किती संध्याकाळी ऐकला होता! तो घासायचा, मला एक झोका द्यायचा, मान हलवायचा, पुन्हा घासायचा. घोंगड्यांच्या फटीतला उजेड पिवळा होत चालला होता. कॅमेरा न्यायला येणारी गाडी खाली वळणावर वाजली. आणि त्याच वेळी मी म्हटले, टक्, ट-टक्.

दिवा लागला. मी चुलीपासून निघाले, जुन्या दोन चऱ्यांवर पाय ठेवत खोली ओलांडली आणि दाराला टेकले. बाबागाडीमागे दाढीवाला रडत होता आणि खोकला आला म्हणून सांगत होता.

तो सिनेमा एका छोट्या थिएटरात लागला. लोक ठरलेल्या जागी किंचाळले. पण शेवटी म्हणे कुणीच उठेना. मुले आपापल्या आयांना बिलगून बसली होती.

आता मी सुताराच्या शहरातल्या खोलीत असते. यावेळी न्यायचे राहिले नाही. तो मला रोज कोरड्या फडक्याने पुसतो, उन्हात ठेवत नाही, सांध्यांना तेल देतो. पट्टीला मात्र कुणाला हात लावू देत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, पण त्यांची खोड काढण्याआधी घरात एकदा विचारा. कुणाचा तरी जीव त्या खोडीतच अडकलेला असतो.

चला, संध्याकाळ झाली. दाराबाहेर पावले वाजली. लेक दार ढकलते आहे.

"बाबा! पुन्हा दारात बसलात?"

"मी कुठे बसलो?" म्हातारा हसून म्हणतो. "तिनेच आणून बसवलं. थांब, सरकतो."