काकांनी ऊब दिलेली काच

ताईचा प्रबंध मंजूर झाला. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, कारण त्या सकाळी प्रबंध आचके देत होता.

काम सरळ होतं. एकाच मुशीतली वितळलेली काच. अर्धी भट्टीतच सावकाश निववायची, अर्धी गार तांब्याच्या प्लेटवर ओतून क्षणात गोठवायची. सावकाश निवलेल्या काचेतले अणू इकडेतिकडे सरकून नीट बसतात. झटकन गोठलेल्यातले असतील तसेच अडकतात, फोटोवाल्यानं ‘हलू नका’ म्हटल्यावर तोंडात घास असलेल्या पाहुण्यांसारखे. हा फरक दाखवला की पदवी. पण ताईच्या आलेखात दोन्ही काचा जवळपास जुळ्या बहिणी! मुदतवाढ संपली होती. सर म्हणाले, “एक तर विज्ञान चुकलंय, नाहीतर तू. विज्ञान माझ्या ओळखीचं आहे.”

रडावं तर निदान भट्टीजवळ, म्हणून ताई लवकर आली. बघते तर भट्टी सांभाळणारे काका तांब्याची प्लेट बर्नरवर शेकत बसलेले. आणि वर गुणगुणत!

“काका! हे काय?”

“रोजचंच. गार प्लेटवर काच तडकायची नि तू तोंड पाडून बसायचीस. बघवेना बाई. आता तडकत नाही, बघ.”

“अहो, तडकू दे की! अणूंना बसायला वेळ मिळायला नको होता!”

“मग आधी बोलायचं ना. मला वाटलं, तुला अख्खी हवी.”

काकांचा चेहरा असा उतरला की ताईला रागावणं जमेना. “चहा घ्या,” एवढंच म्हणाली.

मग गार प्लेटवर काच ओतली. तडाड! तुकडेच तुकडे, पण आत अणूंचा मनासारखा गोंधळ. ऊबदार प्लेटवरची काच ही आणि सावकाश निवलेली या दोघींच्या मध्ये, सावकाशवालीला खेटून बसली. दोन टोकांचा प्रबंध तीन पायऱ्यांचा झाला.

“या मधल्या पद्धतीला काय नाव देणार?” सरांनी विचारलं. “आणि प्लेट गरम का केली, त्याचं कारण लिहावं लागेल.”

ताईनं खरं तेच लिहिलं, आणि खाली जोडलं: ‘तरी काच थंड करण्याच्या मान्यताप्राप्त पद्धतींत काका-पद्धतीचा समावेश व्हावा, आणि दुसऱ्याचं पडलेलं तोंड बघून माणसाचा जीव किती अंश तापतो, हे मोजणारं उपकरण विभागास सत्वर पुरवण्यात यावं, ही नम्र विनंती.’