सीटखालचा नारळ

ट्रॅकवर गाडी पळवणं म्हणजे मरणाला आवतण, असं आमच्या हिम्मतरावांचं ठाम मत. हे मत त्यांनी मला विद्यानगरच्या चौकात राँग साइडनं घुसताना ऐकवलं, कारण यू-टर्न लांब पडतो. सीटबेल्ट पाठीमागून नेऊन कायमचा अडकवलेला, नाहीतर गाडी पीं पीं करते. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात फोन. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या शेजारी बसते आहे, तेव्हा मरणाचं काय ते मला विचारा.

विषय निघाला तो प्रियदर्शिनीमुळे. आमची ही एकुलती एक लेक, नोकरी करते, गाडी झकास चालवते. रिंग रोडच्या पलीकडे एक ट्रॅक आहे, तिथे रविवारी आपली गाडी घेऊन जाता येतं. तिनं नाव नोंदवलं होतं. रात्रंदिवस तेच बोलायची. पण गाडी वडिलांची आणि परवानगीही वडिलांची, आमच्या घरात अजून तेवढं आहे.

"नक्को म्हटलं की नक्को," हे जेवताना म्हणाले.

"बाबा, तिथे सगळे एकाच दिशेनं जातात. समोरून कुणी येत नाही. म्हैस नाही, शेअर ऑटो नाही, तुम्ही नाही."

मला ठसका लागला. हे मात्र गंभीर. "रोडवर आपल्याला राखण आहे. हिमायतनगरला काय झालं, आठव."

हिमायतनगरची गोष्ट पाहुण्यारावळ्यांना पाठ होती. सिग्नलला ह्यांनी ब्रेक दाबला, तर तो दबेचना! ह्यांनी हँडब्रेक ओढला आणि पुढच्या स्कूटरवर मागे बसलेल्या शाळकरी पोरीच्या दप्तराला बंपर जेमतेम टेकला. मेकॅनिकला ब्रेकमध्ये काहीच सापडलं नाही. म्हणजे वाचवलं ते दसऱ्याच्या नारळानं. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की लाल फडक्यात बांधलेला नारळ हे ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवतात, तो थेट पुढच्या दसऱ्यापर्यंत.

शेवटी मीच आवाज चढवला, तेव्हा कबूल झाले. अट एकच. "मी सोबत येणार. तिथं धोक्याची एक जरी चीज दिसली, तर तिथूनच वापस."

"हौ," लेक म्हणाली. तोंड एवढंसं झालं होतं तिचं.

ट्रॅकच्या फाटकातच ॲम्ब्युलन्स उभी होती. ह्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "देखा? आधीच आणून ठेवली!"

"रोडवर ती नंतर निघते बाबा, आणि ट्रॅफिकमध्ये अडकते."

पुढे गाडीची तपासणी. एक निळ्या टोपीचा मुलगा टायर, ब्रेक, बेल्ट बघत होता. पाठीमागून अडकवलेला बेल्ट बघून तो नुसता हसला आणि त्यानं तो सोडवला. मग म्हणाला, "अंदर का सब सामान निकालो. कुछ भी लुढकने वाला नक्को." माझी पाण्याची बाटली निघाली, ह्यांची छत्री निघाली. मग त्यानं सीटखाली हात घातला आणि लाल फडकं बाहेर ओढलं.

"अंकल, ये क्या है?"

"राखण आहे ती. हात नक्को लावू."

मुलानं नारळ परत सीटखाली ठेवला आणि हातानं पुढे ढकलला. नारळ गडगडत गेला आणि ब्रेकच्या पेडलखाली बसला. त्यानं पायानं ब्रेक दाबून दाखवला.

ब्रेक दबेना.

मला हिमायतनगरची ती दोन वेण्यांची पोर डोळ्यांसमोर दिसली, तिचं ते निळं दप्तर. आम्ही महिनोन् महिने लोकांना लाडू देऊन ही गोष्ट सांगत होतो! ह्यांच्याकडे बघितलं, तर चेहरा उतरलेला, हात गाडीच्या टपावर टेकलेला. एवढा राग आला होता, पण तो चेहरा बघून गिळला.

प्रियदर्शिनी हळूच म्हणाली, "सापडली धोक्याची चीज. चला बाबा, वापस."

अटीला ती पक्की, बापासारखीच. डोळे भरले होते, तरी तिनं बाटली उचलून आत ठेवायला घेतली.

ह्यांनी ब्रेकखालून नारळ काढला. फडकं सोडलं, घडी करून खिशात घातलं, आणि फाटकाजवळच्या दगडावर नारळ आपटला. आत पाणी कधीच आटलेलं, नुसतं वाळकं खोबरं. पहिला तुकडा त्यांनी निळ्या टोपीवाल्याला दिला, दुसरा लेकीला.

"जा," म्हणाले. "बेल्ट घट्ट बांध."

ट्रॅकवाल्यांचं हेल्मेट घालून ती गाडी पळवत होती तेव्हा मी जाळीला धरून उभी होते. वळणावर टायर किंचाळायचे, तरी खरं सांगते, मला भीती वाटली नाही. प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेला माणूस उभा होता. आमच्या चौकात कोण उभं असतं? हे तर टाळ्या वाजवत होते.

निघताना ह्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. तिच्या शेजारी मी बसले, हे मागे बसून फटीत गेलेला बेल्ट उपसत होते. फाटकातून बाहेर पडतो न पडतो तोच समोरून, आमच्याच बाजूनं, एक डीसीएम ट्रक आला, ड्रायव्हरच्या कानाला फोन. त्या दिवसात पहिल्यांदा मी डॅशबोर्ड घट्ट धरला. लेकीनं ब्रेक दाबला. तो दबला.

मागून ह्यांचा बारीक आवाज आला.

"बेटा, ते हेल्मेट वापस दिलंस काय?"

"हौ बाबा."

"कायकू दिलंस?"